हांक आणि तिचा ठावठिकाणा

मुंबईहून गोव्याच्या रस्त्यानें नागोठणें मागें टाकलें, म्हणजे थोड्याच वेळांत कुंडलिकेच्या कांठचें कोलाड येतें. रोहें येथें मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोंकण रेल्वेचें पहिलें स्टेशन लागतें तें कोलाडचें. भरलेल्या मालमोटारी जशाच्या तशा आगगाडीवर चढवून गोव्यांतील वेर्ण्यापर्यंत नेण्याची सोय सन १९९९ च्या जानेवारींत झाली, तीहि येथूनच. नदीचें म्हणाल, तर तिच्यांतील पुष्कळसें पाणी तिचें स्वतःचें नव्हेच. घाटमाथ्यावरील मुळशीच्या धरणाचें पाणी भिरा येथील टाटांच्या वीजघरांत उतरतें आणि जनित्रें फिरवून झालीं कीं कुंडलिकेंत येतें. ज्या धरणाविरुद्ध सेनापति बापटांनीं सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज रोज सकाळीं शहरांतील तरुण मंडळी रबरी तराफे सोडून, डोक्याला टोप नि अंगांत तरंगतें जाकीट घालून, आरडाओरडा करीत खळाळांतून जातात. काळाचा महिमा!

गेल्या डिसेंबरांत आम्ही घरचीं चौदा माणसें दोन दिवसांसाठीं या नदीच्या कांठीं जाऊन राहिलों. निमित्त आमच्या पुतण्याच्या येण्याचें. हा आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा. दहा वर्षें तो व्यापारी जहाजांवर अधिकारी होता; हल्लीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्नच्या बंदरांत नोकरीस आहे, आणि सुटी मिळाली कीं पाठीवर बोचकें टाकून टास्मानियाच्या डोंगरांत भटकतो. लग्न केलेलें नाहीं. त्यामुळें त्याच्या सर्व कागदपत्रांवर जवळचें माणूस म्हणून त्याच्या आईचें, म्हणजे आमच्या वहिनींचें, नांव आहे. एवढी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

दुसऱ्या दिवशीं तरुण मंडळी तराफ्यांतून निघालीं आणि वहिनी कांठावर एका खुर्चींत बसून राहिल्या. दोन्ही बाजूंस दाट झाडी, वर डोंगर, मोबाईलला रेंज नाहीं. तराफे वळणाआड गेल्यावर त्या म्हणाल्या, “अरे, हीं पोरें पुढें कोठें अडकलीं, तर यांना शोधायचें कुठें, नि शोधणार कोण?”

पुतण्या म्हणाला, “आई, ‘कुठें’ हें खिशांतला मोबाईलसुद्धां सांगेल. ‘कोण’, हा प्रश्न मोठा आहे.”

त्या दिवशीं दुपारीं त्यानें घरच्या मुलांसाठीं एक खेळ रचला. खेळ म्हणावयाचा एवढेंच; वस्तुतः ती एक परीक्षा होती, आणि तींत आम्ही सर्व नापास झालों. लोणावळ्याच्या चिक्कीचा डबा घेऊन तो नदीकांठानें एकटाच गेला, एका आंबराईंत डबा ठेवला, तेथील अक्षांश-रेखांश मोबाईलवर पाहून एका चिठोऱ्यावर लिहिले आणि तें चिठोरें आमच्या बारा वर्षांच्या नातवाच्या हातीं देऊन स्वतः परत आंबराईंत जाऊन बसला. चिठोऱ्यावर लिहिलें होतें: उत्तर १८, २४.६, पूर्व ७३, १३.२. नातवानें नकाशा उघडून मोठ्या ऐटींत १८.२४६ आणि ७३.१३२ असे आंकडे भरले. नकाशावरची खूण कोलाड सोडून नैर्ऋत्येच्या डोंगरांत जाऊन पडली. चिक्कीचा डबा वीस किलोमीटर दूर!

मुलें एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. थोरले बंधू शेजारीं झोंपाळ्यावर होते. गेलीं पन्नास वर्षें ते पंचांग पाहतात आणि नात्यांतल्या पत्रिका मांडून देतात. चिठोरें हातांत घेऊन ते म्हणाले, “अरे, हे अंश आणि ह्या कला आहेत. साठ कलांचा एक अंश. चोवीस पूर्णांक सहा दशांश कलांना साठांनीं भागा; तुम्हीं शंभरांनीं भागल्यासारखें केलेंत.” भागाकार झाला: १८.४१ आणि ७३.२२. खूण पुन्हा कुंडलिकेच्या कांठीं आली. अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, हेंहि मुलांना त्याच बैठकींत समजलें. पत्रिकेचें गणित असें उपयोगी पडलेलें पाहून बंधूंना झालेला आनंद लपत नव्हता.

पण इतक्यानें डबा सांपडला असें नाहीं. आंकडे एकाच दशांश स्थळापर्यंत दिले होते, म्हणजे इकडे तिकडे नव्वद-नव्वद मीटरांचा फरक उरलाच, आणि आंबराईंत नव्वद मीटर म्हणजे पुष्कळ झाडें. मुलें अर्धा तास घुटमळलीं. मग आंतून शीळ ऐकूं आली, शिळेच्या रोखानें तीं धांवलीं आणि डबा मिळाला. संध्याकाळीं चहाच्या वेळीं पुतण्या म्हणाला, “संकटाचें यंत्र याहून निराळें कांहीं करीत नाहीं. आधीं आंकडे पाठवितें, मग जवळ आलेल्याला शीळ ऐकवितें. फक्त मी कोण, तेंहि सांगतें.” आणि मग अंधार पडेपर्यंत त्यानें आम्हांस जें सांगितलें, त्यावरून व नंतर आम्हीं स्वतः वाचलें त्यावरून पुढील मजकूर लिहीत आहों.

आमच्यापैकीं बहुतेकांचा समज असा होता कीं, मोबाईलमधील जी. पी. एस. चालू असलें म्हणजे वर कोणाला तरी आपला पत्ता लागलेला असतो. हा समज साफ चुकीचा आहे. जी. पी. एस. ऐकतें, बोलत नाहीं. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह, ‘मी अमुक, माझ्या घड्याळांत आतां इतके वाजले’ एवढेंच अहोरात्र सांगत असतात. तो निरोप प्रकाशाच्या वेगानें निघून सेकंदाच्या सुमारें सात शतांश भागांत आपल्यापर्यंत येतो. निरोपाला किती वेळ लागला यावरून उपग्रह किती दूर हें यंत्र काढतें आणि अशा चार उपग्रहांच्या अंतरांवरून आपली जागा ठरवितें. जागेसाठीं तीन पुरले असते. चौथा लागतो तो आपल्या यंत्रांतलें स्वस्त घड्याळ चुकीचें असतें म्हणून. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जमिनीवर तीनशें मीटरांची चूक होते! एवढें सर्व करून यंत्राला जें कळलें, तें त्याच्याच पोटांत राहतें. दरींत पडलेल्या माणसाच्या खिशांतील मोबाईलला आपली जागा अचूक ठाऊक असूं शकेल. रेंज नसेल, तर ती जगांत दुसऱ्या कोणालाहि ठाऊक नसेल.

शिवाय ऐकण्याला उघडें आकाश लागतें. दाट झाडीखालीं ऐकूं येणें मंदावतें, बोगद्यांत बंदच होतें. आणि कोंकण रेल्वेवर साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुड्याचा बोगदा आहे. याच रेल्वेचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनीं, सन १९९९ च्या ऑगस्टांत गैसल येथें दोन गाड्यांची भयंकर टक्कर झाल्यावर, उपग्रहांवरून गाडीची जागा जाणून टक्कर टाळणारें आणि संकटकाळीं सूचना देणारें एक यंत्र पुढें आणलें होतें. तेथें अडचण अशी कीं, समुद्रावर शंभर मीटरांची चूक चालते, परंतु शेजारशेजारच्या दोन रुळांपैकीं गाडी कोणत्या रुळावर आहे हें सांगण्यास चार-पांच मीटरांचीहि चूक चालत नाहीं. सन २०२० मध्यें सबंध देशासाठीं जी ‘कवच’ पद्धति स्वीकारली गेली, तींत रुळांमध्येंच खुणेच्या चकत्या बसवितात. कोलाडच्या स्टेशनावर उभें राहून हें ऐकतांना मजा वाटली.

स्टेशनावर आम्ही गेलों होतों तें मात्र दुसऱ्याच कारणानें. एक जलद गाडी न थांबतां शिटी देत गेली. जवळ येतांना शिटीचा सूर उंच होता. पुढें गेली तसा तो एकदम खालीं उतरला. हें सर्वांनीं शेंकडों वेळां ऐकलेलें असतें. पुतण्या म्हणाला, आरंभीं उपग्रहांनीं संकटांतलीं माणसें शोधलीं तीं या सुराच्या उतारावरून. फरक इतकाच कीं, शिटी वाजविणारा जमिनीवर स्थिर आणि ऐकणारा उपग्रह वरून धांवणारा. सूर कोणत्या क्षणीं किती उतरला हें मोजलें, कीं शिटी कोठून वाजते हें कांहीं किलोमीटरांच्या आंत काढतां येतें. त्या काळच्या यंत्रांत जी. पी. एस. नव्हतें, त्याची गरजहि भासली नाहीं.

या कामीं अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएट रशिया हीं चार राष्ट्रें एकत्र आलीं. शीतयुद्धाचे ते दिवस. दोन मोठीं राष्ट्रें एकमेकांवर अण्वस्त्रें रोखून बसलेलीं! तरी सन १९८२ च्या जूनमध्यें रशियानें पहिला उपग्रह सोडला, आणि सप्टेंबरांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतांतील डोंगरांत कोसळलेल्या एका लहान विमानांतील तिघांचा ठावठिकाणा त्याच्यावरून लागून तिघेहि वांचले. ‘कॉस्पस-सारसॅट’ नांवाची ही व्यवस्था आज जगभर पसरली आहे. आपल्या देशाचें केंद्र इस्रोनें बंगळूर येथें चालविलें आहे. आकाशांतून येणाऱ्या हांका ऐकण्यासाठीं बंगळूर व लखनौ येथें स्थानकें आहेत. समुद्रावरील शोधाचें काम तटरक्षक दल मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथून पाहतें.

जुन्या यंत्रांचा एक दोष फार बोधप्रद आहे. तीं १२१.५ मेगाहर्ट्झवर नुसतीं ओरडत. हांक कोणाची हें सांगत नसत. आवाज आला कीं शोधपथक निघावयाचें आणि पुष्कळदां भलत्याच कशाचा तरी आवाज निघावयाचा. अखेर सन २००९ च्या १ फेब्रुवारीपासून उपग्रहांनीं ती निनांवी हांक ऐकणें सोडून दिलें. आतांचीं यंत्रें ४०६ मेगाहर्ट्झवर बोलतात. सुमारें दर पन्नास सेकंदांनीं अर्ध्या सेकंदाचा एक निरोप सुटतो. त्यांत यंत्राचा स्वतःचा, जगांत दुसऱ्या कोणाचा नसलेला, क्रमांक असतो आणि जी. पी. एस. जोडलेलें असेल तर अक्षांश-रेखांशहि. अशानें ठिकाण शंभरेक मीटरांच्या आंत येतें. जुना १२१.५ चा आवाजहि सोबत मंद चालू ठेवतात, तो जवळ आलेल्या विमानासाठीं. आंबराईंतली शीळ तीच. जहाजावरील यंत्रास ‘ईपर्ब’ म्हणतात. तें निदान अठ्ठेचाळीस तास बोलत राहिलें पाहिजे. माणसानें जवळ बाळगण्याचें यंत्र मुठींत मावतें. त्यानें निदान चोवीस तास बोलावें असा नियम आहे.

या यंत्राची खरी कसोटी कोठें लागली, तें सांगतांना गोव्यास जावें लागतें. मांडवीच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा नौका बांधण्याचा कारखाना आहे. कॅप्टन दिलीप दोंदे यांनीं सन २००९-१० मध्यें ज्या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि असें करणारे पहिले भारतीय ठरले, ती ‘म्हादेई’ येथलीच. पुढें नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांच्यासाठीं तेथेंच ‘तुरीया’ ही नौका तयार झाली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनीं सन १९६८-६९ मध्यें कोठेंहि न थांबतां जगाभोंवतीं एकट्यानें पहिली फेरी केली ती ‘सुहैली’ नौकेंतून, आणि ‘सुहैली’ बांधली गेली मुंबईस. त्या घटनेला पन्नास वर्षें झालीं म्हणून सन २०१८ च्या १ जुलैस फ्रान्सहून एक शर्यत सुटली. तिचा नियम असा, कीं पन्नास वर्षांपूर्वीं जें साधन होतें त्यानेंच मार्ग काढावयाचा. सेक्स्टंटनें सूर्य-तारे पहावयाचे, कागदी नकाशावर खुणा करावयाच्या. जी. पी. एस. नौकेवर ठेवावयाचें, पण मोहोरबंद पेटींत. संकट आल्याशिवाय मोहोर तोडावयाची नाहीं.

तिसऱ्या क्रमांकावर असतां, २१ सप्टेंबर रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत, ऑस्ट्रेलियांतील पर्थपासून सुमारें १,९०० सागरी मैलांवर, वादळानें ‘तुरीया’ उलथली. डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला अशी इजा झाली कीं बिछान्यावरून उठतां येईना. लहानशा संदेशयंत्रानें त्यांनीं चार शब्दांत हकीकत कळविली. संकटाचें बीकन चालू केलें. त्या अफाट पाण्यांत मोडकी नौका म्हणजे सतरंजीवर पडलेला तिळाचा दाणा. पण ती कोठें आहे याविषयीं शोध करणारांस शंका राहिली नाहीं. मॉरिशसहून उडालेल्या आपल्या नौदलाच्या विमानानें नौका पाहिली, ऑस्ट्रेलियाच्या केंद्रानें सूत्रें हलविलीं, आयर्लंडचा एक प्रतिस्पर्धी स्वतःची डोलकाठी मोडलेली असतां त्यांच्या दिशेनें निघाला, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच गस्ती जहाजानें टॉमींस उचलून घेतलें. तेथून ते ॲम्स्टरडॅम नांवाच्या चिमुकल्या बेटावर आले आणि पुढें ‘सातपुडा’ या आपल्या युद्धनौकेनें विशाखापट्टणास पोंचले. सन २०२३ च्या एप्रिलांत याच शर्यतींत दुसऱ्या नौकेंतून त्यांनीं दुसरा क्रमांक मिळविला.

ताऱ्यांवरून मार्ग काढणारा हा गृहस्थ आणि मोहोरबंद पेटींतलें त्याचें जी. पी. एस.! या योजनेविषयीं आम्हांस मोठा आदर वाटला. रोजच्या चालण्यासाठीं स्वतःची विद्या. हांक मारण्यासाठीं मात्र यंत्र. आपलीं मुलें शेजारच्या गल्लींत जावयासहि मोबाईलला रस्ता विचारतात, आणि डोंगरांत जातांना हांक मारण्याचें साधन कांहींच नेत नाहींत. अगदीं उलटा प्रकार.

आतां आमच्या घरची गोष्ट. ती सांगण्यांत आमचा मोठेपणा मुळींच नाहीं.

दोन वर्षांमागें फेब्रुवारी महिन्यांत रात्रीं एकच्या सुमारास वहिनींचा मोबाईल वाजला. क्रमांक परदेशी आणि अनोळखी. हल्लीं फसविणारे लोक पोलिसांचें नांव सांगून म्हाताऱ्या माणसांना कसे लुबाडतात, हें वर्तमानपत्रांत वाचून आमच्या नातवंडांनीं त्यांना बजावून ठेवलें होतें कीं, अनोळखी नंबर उचलूं नका. वहिनींनीं फोन कापला. पुन्हां वाजला, पुन्हां कापला. तिसऱ्या वेळीं आमची धाकटी सून पाणी प्यावयास उठली होती. तिनें तो घेतला. ऑस्ट्रेलियांतील शोधकेंद्रांतून एक बाई बोलत होती. पुतण्याच्या नांवावर नोंदलेल्या यंत्राची हांक टास्मानियाच्या डोंगरांतून आली आहे. तो तिकडे गेला आहे हें खरें काय? सोबत किती माणसें? तंबूचा रंग कोणता? कोणाला मधुमेह, हृदयविकार आहे काय? परत केव्हां यावयाचा होता?

सूनबाईला इतकेंच ठाऊक होतें, कीं भाऊजी डोंगरांत गेले आहेत. यापलीकडे त्या घरांतील चौदा माणसांपैकीं कोणालाहि कांहीं ठाऊक नव्हतें. कोणता डोंगर हें तर आम्हीं कधीं विचारलेंच नव्हतें! नोंदीच्या कागदावर दुसरें नांव होतें त्याच्या एका मित्राचें. त्या मित्राचा फोन लागेना, लागणार कसा? तोच सोबतीस होता, आणि त्याचीच मांडी मोडली होती म्हणून बीकनचें बटण दाबलें होतें.

त्या रात्रीं घरांत कोणी निजलें नाहीं. बंधू देवघरापुढें बसून राहिले. वहिनी एका शब्दानें बोलल्या नाहींत. आपण दोन वेळां फोन कापला एवढेंच त्यांच्या डोळ्यांपुढें असावें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं कळलें कीं, ढग उघडतांच हेलिकॉप्टर पोंचलें आणि दोघांनाहि घेऊन आलें. यंत्रांत जी. पी. एस. होतें, माथ्यावर आकाश उघडें होतें. म्हणून आंकडे गेले आणि केंद्रानें आमची वाट न पाहतां मदत सोडली. परंतु कड्याच्या आडोशाला आंकडे न मिळते, तर ‘नेमके कोठें गेले आहेत’ याचें उत्तर घरच्या माणसांकडूनच मिळावयाचें होतें, आणि घरचीं माणसें फोन कापीत होतीं.

कोलाडच्या त्या संध्याकाळीं हा विषय पुतण्यानें काढला नाहीं, वहिनींनींच काढला. त्यावर तो म्हणाला, चूक माझी. जहाजावर दर महिन्यास मी बीकनची परीक्षा घेत होतों आणि घराची परीक्षा मात्र कधीं घेतली नाहीं.

ही मासिक परीक्षा कशी असते, तें त्यानें सांगितलें. त्याचें यंत्र जवळ नव्हतें. उपग्रहाशीं बोलणारीं यंत्रें आपल्या देशांत परवान्यावांचून आणतां येत नाहींत, आणि असें यंत्र सामानांत सांपडल्यामुळें गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशास अडकविल्याची बातमी सन २०२४ च्या डिसेंबरांतच आली होती. पण हातांत साबणाची पेटी घेऊन त्यानें सर्व करून दाखविलें. परीक्षेचें बटण निराळें असतें. तें दाबलें म्हणजे ‘ही परीक्षा आहे’ असा शिक्का असलेला एकच निरोप सुटतो आणि केंद्र तो सोडून देतें. दिवा लुकलुकला कीं यंत्र ठीक. खरें बटण गंमत म्हणूनहि दाबावयाचें नाहीं. चुकून दबलें, तर लाजून गप्प न बसतां तत्काळ केंद्रास कळवावें. कळविलें तर कोणी रागें भरत नाहीं, न कळविलें तर विमान निघतें. जी. पी. एस.ची परीक्षा उघड्या आकाशाखालीं नि मोजक्या वेळां घ्यावयाची, कारण प्रत्येक परीक्षेंत विजेचा सांठा थोडा सरतो. विजेच्या घटावर मुदतीची तारीख असते. जहाज बुडालें तर पाण्याच्या दाबानें यंत्र आपोआप सुटावें म्हणून जी कळ बसविलेली असते, तिचीहि मुदत दोन वर्षांची. आणि जुनें यंत्र कचऱ्यांत टाकूं नये. कचऱ्याच्या ढिगांत दाबलें जाऊन तें हांका मारूं लागल्याचे आणि शोधपथकें उकिरड्यावर जाऊन पोंचल्याचे प्रकार घडलेले आहेत.

सर्वांत महत्त्वाची म्हणजे नोंद. क्रमांकावरून मालक कोण, त्याच्या घरीं कोणास विचारावें, हें केंद्राला कळतें तें नोंदीवरून. ऑस्ट्रेलियांत ती फुकट होते, पण दर दोन वर्षांनीं ताजी करावी लागते. आपल्याकडील यंत्रांची नोंद बंगळूरच्या केंद्रांत होते. हांक आली कीं बहुधा पहिलें काम म्हणजे नोंदलेल्या क्रमांकावर फोन करणें, कारण येणाऱ्या हांकांपैकीं बहुतेक चुकीनें सुटलेल्या असतात. ‘तो तर इथें जेवतो आहे, यंत्र कपाटांत आहे’ असें घरून उत्तर मिळालें कीं एक विमान उडावयाचें वांचतें. तेव्हां या सांखळीची एक कडी आकाशांत, एक बंगळूर किंवा कॅनबेऱ्याला, आणि एक आपल्या माजघरांत असते.

हीच कुंडलिका रोह्यावरून पुढें रेवदंड्यास समुद्राला मिळते. तेथून मासेमारीस निघणाऱ्या होड्यांना असलीं महागडीं विलायती यंत्रें कोठून परवडणार? त्यांच्यासारख्यांसाठीं इस्रोनें स्वस्त असें संकटसूचक यंत्र तयार केलें आणि सन २०१० पासून तें वापरांत आहे. बटण दाबलें कीं होडीचें ठिकाण उपग्रहाच्या द्वारें केंद्रांत आणि तेथून तटरक्षक दलाकडे जातें. त्यांत एकच उणीव होती: हांक पोंचली कीं नाहीं, हें होडींतल्या माणसाला कळत नसे. सन २०२४ च्या जानेवारींत त्याची दुसरी आवृत्ति निघाली, तींत निरोप मिळाल्याची पोंच परत होडीवर येते. हांकेला ओ मिळते! तुटक्या इंजिनाच्या होडींत रात्र काढणाऱ्या माणसाला त्या ओचें मोल काय असेल, तें आम्हांस त्या फेब्रुवारीच्या रात्रीवरून थोडेंसें कळतें. ज्यांच्या घरचीं माणसें समुद्रकांठीं आहेत त्यांनीं तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकहि लिहून ठेवावा.

पुण्यास परत आल्यावर पुतण्यानें नोंद बदलली. आतां तीन नांवें आहेत: सूनबाई, आम्ही आणि वहिनी, वहिनींचें नांव काढावयास त्यांनीं साफ नकार दिला. निघण्यापूर्वीं तो कोठें जाणार, कोणत्या वाटेनें, किती जणांसह, परत केव्हां, हें कागदावर लिहून पाठवितो. तो कागद आमच्या माजघरांत दिनदर्शिकेशेजारीं खिळ्याला अडकविलेला असतो. केंद्राचा परदेशी क्रमांक वहिनींच्या मोबाईलमध्यें नांवासह भरून ठेवला आहे, म्हणजे तो अनोळखी राहिला नाहीं.

जानेवारीच्या शेवटीं एका रात्रीं साडेबाराला फोन वाजला. वहिनींनीं पहिल्याच घंटेला उचलला. पलीकडून पुतण्याच्या ओळखीची एक बाई इंग्रजींत, अगदीं कोरड्या आवाजांत, तेच प्रश्न विचारीत होती. परीक्षा घ्यावयाची हें ठरलें होतें, रात्र मात्र कोणास सांगितलेली नव्हती. वहिनी उठल्या, दिवा लावला, चष्मा चढविला आणि खिळ्यावरचा कागद वाचूं लागल्या. माणसें दोन, तंबू नारिंगी, आजार कांहीं नाहीं, रविवारीं परत. मग ठिकाण. अंश सांगून झाले, कला सांगून झाल्या, आणि त्या थांबून म्हणाल्या, “दीज आर कला, नॉट दशांश. प्लीज नोट.”